गुणांचीही नोंद हवी

ज्या बालकास वाचनात, लेखनात अथवा गणितात मुळातच अडचण आहे, त्याच्या नावे शाळेच्या दप्तरी साठत गेलेले कागद एकत्र वाचून पाहिले, तर ‘जोडाक्षरे गाळतो’, ‘लक्ष नाही’, ‘पेपर पुरा करीत नाही’ या शेऱ्यांपासून तो तज्ज्ञांच्या तपासणी-अहवालापर्यंत त्याच्या उणिवांची तपशीलवार नोंद सापडते. परंतु हे बालक कोणत्या गुणाच्या बळावर उभे आहे, याविषयी सहसा एक ओळही आढळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला, परीक्षेत जादा वेळेची व लेखनिकाची सवलत मिळते, ही मोठीच प्राप्ती होय आणि तिच्यासाठी झगडलेल्या पालकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि सवलतीसाठी न्यूनत्व शाबीत करावे लागते; आणि वर्षानुवर्षे आपले न्यूनत्वच शाबीत होताना पाहणाऱ्या मुलाच्या मनात स्वतःविषयी आदर उत्पन्न व्हावा तरी कोठून?

क्रिस्टोफर पीटरसन व मार्टिन सेलिग्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली जिज्ञासा, चिकाटी, दयाळूपणा, धैर्य, आत्मसंयम, कृतज्ञता अशा २४ शीलगुणांची मांडणी केली. यांतील एकाही गुणास शुद्धलेखनाची अट नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

चौथीतला एखादा मुलगा पाठ वाचावयास उभा राहतो, ओळीखाली बोट ठेवून ‘प्रकाश’ या शब्दाशी अडतो आणि मागच्या बाकावरून हसू ऐकू येताच त्याचे कान लाल होतात. तोच मुलगा मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत पहिलीतल्या रडणाऱ्या मुलीस आपल्यापुढे घेतो, तिचे ताट धरतो आणि जेवण आटोपल्यावर तिला नळापर्यंत नेतो. बाईंनी हे पाहिले असेल, तर नुसते ‘शाब्बास’ म्हणून त्यांनी थांबू नये. ‘तुलाही भूक लागली होती, तरी आधी तू तिला वाढू दिलेस, हा तुझा दयाळूपणा,’ असे कृतीचे व गुणाचे नाव घेऊन त्यास सांगावे आणि तारीखवार वहीत लिहून ठेवावे, कारण ज्याच्या चुकाच आजवर तारीखवार नोंदल्या गेल्या, त्याचा मोघम स्तुतीवर विश्वास बसत नाही, परंतु डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट त्यास नाकारता येत नाही.

यामुळे वाचन शिकविण्याच्या जबाबदारीतून शाळेची सुटका होते, असे मात्र कोणी समजू नये. उलट, आपल्यात चिकाटी आहे हे ज्यास उमगले, तो अडलेल्या शब्दाकडे पुन्हा वळण्याचा संभव अधिक; म्हणून विशेष शिक्षकांनी वैयक्तिक शिक्षण आराखडा आखताना मुलाच्या ज्ञात गुणापासूनच आरंभ करावा.

यास नवा निधी लागत नाही, शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचेही कारण नाही. मुख्याध्यापकांना माझी विनंती एवढीच की, येत्या सत्राच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या एका तरी गुणाची, प्रसंगासह, नोंद झाली आहे की नाही, हे त्यांनी स्वतः तपासावे.