मोतीची सुई

नातवाने करमाडच्या रस्त्यावरून कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं. नाव ठेवलं मोती. शेजारी म्हणाले, "गुरुजी, गावठी कुत्र्याला कसली आलीय सुई?"

मला नाही पटलं. जंत तर पिल्लाला आईच्या पोटातूनच येतात, म्हणून आधी जंताचं औषध. सहा-आठ आठवड्यांचं झालं की पार्वो-डिस्टेंपरची लस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, आणि पुढे दरवर्षी.

माझ्या वर्गातला एक मुलगा पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर झाडपाल्याच्या भरवशावर राहिला, आणि गेला. पाश्चरने लस टोचून मुलगा वाचवला तो १८८५ साली! लक्षणं दिसली की मग उपाय उरत नाही.

नुसती भाकरी टाकली म्हणजे कुत्रं पाळलं असं होत नाही, हे माझं स्पष्ट मत. तुम्हाला काय वाटतं?