उसना खेळाडू

परवां तास सुरू होण्यापूर्वीं वर्गांत दोन विद्यार्थ्यांचा वाद कानीं पडला. युरोपांतील एका मोठ्या फुटबॉल क्लबानें आपला एक होतकरू तरुण खेळाडू वर्षभराकरितां दुसऱ्या, लहानशा क्लबाकडे धाडल्याची वार्ता त्यांनीं वाचली होती. एकाचें म्हणणें, "त्याला हाकलून दिलें, दुसरें काय?" दुसरा म्हणे, "नाहीं, तयार होऊन येण्यासाठीं पाठविलें आहे." घंटा झाली आणि वाद तेथेंच राहिला, विषय मात्र माझ्या मनांतून गेला नाहीं. दोघांपैकीं खरें कोणाचें, हें त्या वार्तेवरून कळण्यासारखें नव्हतें. माझ्या मतें तें ओळखण्याची एकच खूण आहे, आणि ती वाचकांपुढें ठेवावी एवढाच ह्या लेखाचा हेतु.

ह्या व्यवहारास आपल्याकडे घरगुती शब्द आहे, तो म्हणजे उसनवार. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावी आणि वाण्याकडचा जिन्नस आला कीं परत करावी, ही रीत सर्वांच्या परिचयाची. खेळाडूच्या बाबतींतहि वरवर तसेंच घडतें. मूळ क्लबाशीं झालेला त्याचा करार कायम राहतो. ठरलेल्या मुदतीपर्यंत तो दुसऱ्याच्या रंगाचा सदरा घालून खेळतो. पगाराचा कोणता वाटा कोणीं सोसावयाचा हें दोन्ही क्लब आपसांत ठरवितात. आणि मुदत सरली कीं तो परत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्यें तर उसन्या खेळाडूस आपल्या मूळ क्लबाविरुद्ध मैदानांत उतरतांच येत नाहीं. त्या दिवशीं त्यानें नुसतें पाहत बसावें! भेद एवढाच कीं साखरेच्या वाटीस मन नसतें, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलास तें फार असतें.

मुळांत ही रीत वाईट नव्हे. मोठ्या क्लबाच्या पदरीं कोवळ्या वयापासून कितीतरी मुलें शिकत असतात. पहिल्या संघांत जागा अकरा, आणि त्या जागांवर देशोदेशींहून भारी किंमत देऊन आणलेले तयार गडी. 'पिकतें तेथें विकत नाहीं' ह्या म्हणीचा अनुभव घरच्या मुलास येथें पुरेपूर येतो. मग त्यानें खेळावें कोठें? समवयस्कांच्या सामन्यांत तो खेळतो. परंतु त्या सामन्यांतील हारजितीवर कोणाची चूल अवलंबून नसते. खालच्या श्रेणीच्या क्लबांत गोष्ट निराळी. संघ आणखी खालीं ढकलला गेला तर तेथें पगार कापले जातात, करार नवे होत नाहींत, आणि तीस-बत्तीस वर्षांच्या संसारी खेळाडूस पुढील वर्षाची विवंचना लागते. अशा माणसाच्या शेजारीं उभें राहून हातचा चेंडू गमावणें म्हणजे काय, हें मुलास तेथेंच प्रथम कळतें. सराव-परीक्षा आणि शालान्त परीक्षा ह्यांत जें अंतर, तेंच हें अंतर होय.

हॅरी केनचें उदाहरण घ्या. हा १९९३ सालीं लंडनच्या वॉल्थमस्टो भागांत जन्मला. लहानपणीं आर्सेनलनें त्यास एका वर्षांत नाकारलें. पुढें तो टॉटनहॅमच्या पदरीं आला. वय १७ असतांना, जानेवारी २०११ मध्यें, टॉटनहॅमनें त्यास लेटन ओरिएंट ह्या तिसऱ्या श्रेणींतील क्लबास उसना दिला. तेथें त्यानें १८ सामन्यांत ५ गोल केले. वर्षभरानें त्यास मिलवॉलकडे धाडण्यांत आलें. हा संघ दुसऱ्या श्रेणींतून घसरण्याच्या भीतीनें ग्रासलेला होता. केनचे ९ गोल झाले, संघ तरला, आणि त्या वर्षींचा उत्कृष्ट तरुण खेळाडू म्हणून मिलवॉलनें त्यास गौरविलें. येथपर्यंत कथा सरळ आहे. पुढें ती वांकडी होते, आणि मला तोच भाग अधिक मोलाचा वाटतो.

तिसऱ्या वेळीं तो नॉरिचला गेला आणि तेथें त्याच्या पायाचें हाड मोडलें. लीगमध्यें तीन सामने, गोल एकहि नाहीं. चौथ्या वेळीं, फेब्रुवारी २०१३ मध्यें, लेस्टर. तेथें त्याचा पुष्कळ वेळ राखीव बाकावर गेला. दुसऱ्या श्रेणींतील क्लबांत जर आपणांस जागा नाहीं, तर टॉटनहॅमच्या पहिल्या संघांत ती कशी मिळणार, ह्या विचारानें आपण खचून गेलों होतों, असें त्यानें पुढें स्वतःच सांगितलें आहे. त्याच बाकावर त्याच्यासोबत जेमी वार्डी नांवाचा दुसरा एक गडी बसलेला असे. तीन वर्षांनीं, २०१६ सालीं, त्याच लेस्टरनें प्रीमियर लीग जिंकून जगास चकित केलें, तेव्हां हा वार्डी त्या संघाचा प्रमुख गोल करणारा होता! बाकावरच्या माणसांविषयीं घाईनें मत बनवूं नये तें ह्यासाठीं.

एप्रिल २०१४ मध्यें केन टॉटनहॅमकडून प्रीमियर लीगच्या सामन्यांत प्रथमच सुरुवातीपासून खेळला. प्रतिपक्ष संडरलंड, केननें गोल केला. पुढील हंगामांत सर्व स्पर्धा मिळून त्याचे ३१ गोल झाले, आणि २०२३ मध्यें तो जर्मनींतील बायर्न म्युनिककडे गेला तेव्हां टॉटनहॅमसाठीं केलेल्या गोलांची संख्या २८० झाली होती. तोंवर त्या क्लबाच्या इतिहासांत इतके गोल दुसऱ्या कोणीं केले नव्हते. पहिल्या उसनवारीपासून त्या संडरलंडच्या सामन्यापर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता, हें मात्र लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

डेव्हिड बेकहॅमची हकीगत त्या मानानें त्रोटक. १९९५ सालीं मँचेस्टर युनायटेडनें त्यास थोड्या दिवसांकरितां प्रेस्टन नॉर्थ एंडकडे धाडलें. १८८९ मध्यें इंग्लंडची पहिली लीग जिंकणारा हा जुना क्लब त्या वेळीं चौथ्या श्रेणीपर्यंत उतरला होता. फर्ग्युसनसाहेबांस आपण नकोसे झालों, अशी धास्ती बेकहॅमनें घेतली. पांच सामने, दोन गोल, त्यांतील एक मैदानाच्या कोपऱ्यावरून थेट जाळ्यांत; आणि एप्रिलमध्यें तो मँचेस्टरच्या पहिल्या संघांतून लीगचा सामना खेळत होता.

असल्या कथा आपण आवडीनें सांगतों, कारण त्यांचा शेवट गोड आहे. परंतु न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ब्राझिलचा लुकास पियाझोन जानेवारी २०१२ मध्यें, अठरा वर्षांचा होतांच, चेल्सीकडे आला. त्यानंतर स्पेनमधील मालागा, हॉलंडमधील व्हिटेसे, जर्मनींतील आइन्ट्राख्ट फ्रँकफुर्ट, इंग्लंडांतील रेडिंग व फुलहॅम, इटलींतील किएव्हो, पोर्तुगालमधील रिओ आव्हे असे सात क्लब त्यानें उसना म्हणून पाहिले. चेल्सीकडून लीगमध्यें तो किती सामने खेळला? एक. जानेवारी २०२१ मध्यें त्याची सुटका झाली तेव्हां तो सत्ताविशीस आला होता. खेळाडूचें आयुष्य तें केवढें! त्यांतील नऊ वर्षें प्रवासाच्या पेटींत गेलीं. पियाझोन एकटा नव्हता. एके काळीं त्या क्लबाचे तीस-चाळीस खेळाडू एकाच वेळीं बाहेरगांवीं उसने असत. 'आई जेवूं घालीना आणि बाप भीक मागूं देईना' अशी ही स्थिति. त्याला पगार मिळत होता, हें खरें. परंतु पगार मिळणें आणि खेळावयास मिळणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत.

आतां ती खूण सांगतों. खऱ्या उसनवारीच्या शेवटीं मुलास उत्तर मिळतें: एक तर 'ये, तुझी जागा येथें आहे', नाहीं तर 'जा, तूं मोकळा आहेस'. खोट्या उसनवारीच्या शेवटीं मिळते ती आणखी एक उसनवारी. उत्तर नकाराचें असलें तरी चालेल, परंतु तें मिळालें पाहिजे. नॉर्वेचा मार्टिन ओडेगार्ड सोळाव्या वर्षीं रेआल माद्रिदमध्यें दाखल झाला आणि मे २०१५ मध्यें खुद्द रोनाल्डोच्या जागीं मैदानांत उतरला. पुढें हॉलंडमधील दोन व स्पेनमधील एक क्लब हिंडून तो जानेवारी २०२१ मध्यें आर्सेनलकडे उसना गेला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें माद्रिदनें त्यास आर्सेनलला कायमचा विकला. हा नकारच होता. पण त्या नकारानें तो सुटला, आणि २०२२ मध्यें आर्सेनलचा कर्णधार झाला.

आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फिफा ह्या संस्थेनें जुलै २०२२ पासून ह्या बाबतींत नियम घातले. एका क्लबानें दुसऱ्या देशांच्या क्लबांस उसने द्यावयाचे खेळाडू प्रथम आठ, मग सात, आणि २०२४ पासून सहा. एका उसनवारीची मुदत फार तर एक वर्ष. एकाच क्लबास तिघांहून अधिक देऊं नयेत. आणि उसना आणलेला खेळाडू परस्पर तिसऱ्यास उसना देऊं नये. नियम चांगले आहेत. परंतु सहाच्या ह्या गणनेंतून एकवीस वर्षांपर्यंतचे खेळाडू आणि क्लबानें स्वतः घडविलेले खेळाडू वगळले आहेत. म्हणजे ज्यांच्यासाठीं कुंपण हवें, तेच कुंपणाबाहेर! तरुणांच्या संधी आटूं नयेत हा त्यामागील विचार मला समजतो, पण पटत नाहीं. किती मुलें बाहेर धाडलीं ह्यापेक्षां एकाच मुलास किती वेळां धाडलें, हें मोजावयास हवें. तीन उसनवाऱ्या झाल्यावर त्या मुलास विचारावें, आणि तो जाऊं इच्छीत असेल तर त्यास किंमतीचा अडसर न घालतां जाऊं द्यावें. असें केल्यास मुलांवर पैसा खर्च करण्यास क्लब कचरतील, असा आक्षेप कोणी घेईल. कांहीं कचरतीलहि. पण ज्या क्लबास तीन वर्षांत मुलाची पारख होत नाहीं, त्यानें चाळीस मुलें गोळा करावींच कशाला? हा नियम २०१३ सालीं असता, तर नॉरिचहून परतलेल्या केननें काय उत्तर दिलें असतें, ह्याचें कुतूहल मला वाटतें खरें.

एक गोष्ट राहिली. उसना घेणाऱ्या लहान क्लबाच्या हातीं काय उरतें, असें त्या दोघां विद्यार्थ्यांपैकीं एकानें मागाहून मला विचारलें. बहुधा कांहीं नाहीं. मुलगा चांगला निघाला तर तो परत जातो, आणि त्याच्यामुळें घरच्या एखाद्या मुलाची जागाहि गेलेली असते. पण २०२० सालीं महामारीमुळें लहान क्लबांचें उत्पन्न आटलें असतां केननें लेटन ओरिएंटच्या सदऱ्यावरील जाहिरातीची जागा पुढील हंगामाकरितां स्वतः पैसे भरून घेतली. तेथें त्यानें आपलें नांव घातलें नाहीं; घरच्या मैदानावरील सदऱ्यावर महामारींत आघाडीवर राबणाऱ्यांचे आभार छापविले, आणि उरलेल्या दोन सदऱ्यांवरील जागा दोन धर्मादाय संस्थांस दिली. त्या क्लबाकडून तो खेळला होता अवघे १८ सामने, आणि तेहि नऊ वर्षांपूर्वीं.