भट्टीचा विटाळ

पालखीच्या रात्री देवळाच्या अग्रशाळेत जी बोलणी चालतात, त्यांत धर्माचा वाटा बाहेरच्याला वाटतो तितका मोठा नसतो. गेल्या खेपेस आमच्या कानी पडलेला विषय होता एका घरातला ओव्हन. धाकट्या सुनेने तो आपल्या पैशांनी विकत आणला. थोरल्यांनी तो खोक्यातून बाहेर काढू दिला नाही. "आमच्या घरांत हें चलना," असा एका ओळीचा निकाल. पाव भाजणे हे पोदेराचे काम, केक हा किरिस्तांवांचा पदार्थ, आणि ज्या घरात देवाचा नैवेद्य रांधला जातो तेथे भट्टी लावणे हा विटाळ, अशी त्या निकालाची तीन कलमे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्हीही त्या रात्री गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची टोचणी लागली म्हणून हे लिहीत आहोत.

या भीतीला इतिहास आहे, हे आम्ही नाकारीत नाही. १५१० साली गोवे पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि १५६० साली येथे इन्क्विझिशन बसले. कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्यास, असे आमचे देव नदी ओलांडून गेले ते हौसेने नव्हे. त्या काळाची आठवण सांगणाऱ्या लोककथेत पाव हाच खलनायक आहे. रात्री विहिरीत पावाचा तुकडा टाकला, सकाळी गाव पाणी प्याला, आणि गाव बाटला! ही कथा गोव्यात सांगतात, वसईकडेही सांगतात. तीत इतिहास किती आणि कल्पना किती हा वाद बाजूस ठेवू. पण तिच्यातला एक तपशील आमचे लोक नेहमी गाळतात. विहिरीत पाव टाकणारा परका असेल. परंतु "त्या पाण्याने तुम्ही बाटलात, आता परत येऊ नका," असा निवाडा देणारे कोण होते? ते आपलेच होते. घरे गेली ती जितकी पावाने, तितकीच त्या निवाड्याने गेली.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १७३६ साली इन्क्विझिशनने एक हुकूमनामा काढला. नव्या ख्रिस्ती झालेल्यांनी अंगणात तुळस लावू नये, हे त्यात होतेच. शिवाय भात हिंदूंच्या रीतीने मिठावाचून शिजवू नये आणि मीठ मागाहून घालू नये, हेही होते. म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजते, कसे शिजते, मीठ कधी पडते, यावर पाळत ठेवणारी सत्ता आम्ही भोगलेली आहे. तिचा तिटकारा आम्हांस वंशपरंपरेने यायला हवा होता. प्रत्यक्षात सुनेच्या खोक्यावर पाळत ठेवणारे थोरले आज कोणाचा कित्ता गिरवीत आहेत, हे त्यांनी शांतपणे स्वतःस विचारावे.

बरे, परका म्हणून जो पदार्थ वर्ज्य, तो किती निष्ठेने वर्ज्य आहे? एकादशीचा उपवास घ्या. सकाळी स्नान करून, सोवळे नेसून, साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. आपल्या देशात त्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमकडे १९४०च्या दशकात उभे राहिले. शेंगदाणा अमेरिकेतला. बटाटा अमेरिकेतला. हिरवी मिरची अमेरिकेतली. जोडीला रताळे घ्याल तर तेही तिकडचेच, आणि राजगिऱ्याचे लाडू घ्याल तर ते दाणेही मूळ तिकडचेच. तूप, जिरे आणि मीठ सोडले तर त्या पवित्र ताटलीतला एकही जिन्नस पोर्तुगीज गलबते इकडे येण्यापूर्वी आमच्या पूर्वजांनी पाहिला नव्हता. त्याच गलबतांनी काजू आणला, पपई आणली, पेरू आणि अननस आणला. हे सारे आम्ही खाल्ले, वाढविले, उपवासालाही चालवून घेतले. यात आम्हांस काही गैर दिसत नाही. उलट आमच्या स्वयंपाकघराचे मोठेपण याच पचनशक्तीत आहे. मात्र ज्याच्या पोटात एवढे अमेरिकाखंड सुखाने नांदत आहे, त्याने ओव्हन पाहून "परका!" म्हणून ओरडावे, हे हास्यास्पद आहे.

कोणी म्हणेल, जिन्नस परके असतील, परंतु भाजण्याची रीत तरी आमची नव्हे. हा आक्षेप तर अज्ञानाचा आहे. बेळगावच्या आमच्या वाचकांना मांडे ठाऊक आहेत. विस्तवावर पालथ्या घातलेल्या खापरावर, हातावर लांबवीत नेलेली ती तलम पोळी क्षणात भाजून निघते. बाराव्या शतकातल्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त मांड्यांचे वर्णन आहे. गुजरातेत, वडोदऱ्याच्या मराठी घरांतूनही, हांडवो होतो तो पूर्वी खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवूनच होत असे. इंदूरकडचे बाफले उकडून मग गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. आणि दिवाळीत घरचे तूप, साखर, मैदा डब्यात भरून गल्लीतल्या बेकरीवाल्याकडून नानकटाई भाजून आणणाऱ्या किती पिढ्या होऊन गेल्या! त्या नानकटाईने कोणाच्या लक्ष्मीपूजनास बाध आल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

मांड्यांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आळंदीची कथा आमच्या प्रत्येक देवळात कीर्तनकार रंगवून सांगतात. मुक्ताबाईला मांडे करायचे होते. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेले ते घर. विसोबाने कुंभारांना ताकीद दिली की या मुलीला खापर द्यायचे नाही. पोर रडत परतली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी प्रदीप्त केला, पाठ तव्यासारखी तापली, आणि मुक्ताबाईने त्या पाठीवर मांडे भाजले. ते पाहून विसोबाचा ताठा गळाला आणि तो त्यांच्या पानातले उष्टे खाण्यास धावला. ही कथा ऐकताना आम्ही सारे डोळे पुसतो. पण कथेत अडवले गेले आहे काय, इकडे लक्ष देत नाही. एका मुलीला काही भाजायचे होते आणि प्रतिष्ठित माणसांनी धर्माच्या नावाने तिला भांडे मिळू दिले नाही, एवढीच ती गोष्ट आहे. कीर्तनात ज्ञानेश्वरांच्या बाजूने रडायचे आणि घरी येऊन विसोबाची ताकीद द्यायची, हा व्यवहार आम्हांस समजत नाही.

आता सोवळ्याचा मुद्दा. गाभाऱ्यातल्या नैवेद्याचे नियम बदला, असे आम्ही म्हणत नाही. देवस्थानाची परंपरा देवस्थानाने ठरवावी. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा, टोमॅटो आणि मिरची आजही जात नाही, आणि त्या निष्ठेला आमचा नमस्कार आहे. आम्ही बोलतो ते घरच्या चुलीविषयी. ज्या घरात ओव्हन खोक्यात बंद आहे, त्याच घरात नातवाच्या वाढदिवसाला दुकानातून केक येतो. तो कोणी केला, कोणत्या हातांनी केला, त्यात कोणती चरबी आहे, अंडे आहे की नाही, कशाचा कोणाला पत्ता नसतो. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की त्याच घरातून पिशवी बाहेर जाते आणि उंडे नि पोळ्या घेऊन परत येते. पातळ भाजीबरोबर त्या सर्वांनी खाल्ल्या की मग विटाळाची चर्चा सुरू होते. (पोदेराच्या पावाला आमचा विरोध नाही, उलट सुरीवर फुगवलेल्या त्या जुन्या पावाची चव आता दुर्मिळ होत चालली याचे दुःखच आहे.) आमचा प्रश्न इतकाच की, विकत घेतले तर शुद्ध आणि घरी केले तर अशुद्ध, हे शास्त्र कोठले? सोवळे म्हणजे काय गेले, कोणाच्या हातून गेले याची जाण. ती जाण राखायची असेल तर भट्टी घरातच असली पाहिजे.

अंड्याचे म्हणाल तर त्यावाचून काही अडत नाही. आमच्यांपैकी पुष्कळांना बुधवारी मासळी वर्ज्य नसते आणि सोमवारी कांदालसूणही वर्ज्य असतो; तेव्हा सोमवारी चालेल असा केक हवा, एवढाच प्रश्न. अंडे पिठाला बांधून ठेवते आणि फेसाने फुगवते. ही दोन्ही कामे दुसऱ्या मार्गाने होतात. दह्याच्या आंबटपणाशी खाण्याच्या सोड्याची गाठ पडली की वायू सुटतो आणि पीठ उचलले जाते. म्हणून सोडा घातल्यावर भांडे लगोलग भट्टीत गेले पाहिजे, शेजारणीशी बोलत उभे राहिलात तर वायू निघून जातो आणि केक खाली बसतो. बांधण्याचे काम गव्हाच्या पिठात पाणी पडल्यावर तयार होणारा चिवट ताणा करतो. तो तांदळात नाही आणि नाचणीतही नाही. म्हणूनच नुसत्या नाचणीचा पाव दगडासारखा बसतो, आणि गव्हाच्या पिठात थोडी नाचणी मिसळली तर तो सुरेख होतो. हे कोणत्या परक्या धर्माचे ज्ञान नव्हे. आंबोळीचे पीठ रात्री झाकून ठेवणाऱ्या, पावसाळ्यात ते उशिरा चढते आणि उन्हाळ्यात लवकर चढते हे बोटाने ओळखणाऱ्या बायकांच्या ज्ञानाचेच हे पुढचे पान आहे.

सासवांचा एक आक्षेप मात्र आम्ही हलका मानीत नाही: जिन्नस वाया जातात. खरे आहे. पहिला केक मध्ये खचतो, दुसरा कडेला करपतो, तिसऱ्याच्या पोटात कच्चे पीठ निघते. पण पहिली घावनेही तव्याला चिकटत होतीच की! मोदकाची पहिली पारी कोणाची फाटली नाही? शिकणाऱ्या हाताची नासाडी ही नासाडी नव्हे. घरातल्या पुरुषांनी त्या खचलेल्या केकवर विनोद करण्यापूर्वी एकदा स्वतः पीठ मोजून पाहावे. आमच्या एका मित्राने पाहिले, आणि त्यानंतर त्यांचे विनोद थांबले.

आणि नव्या पिढीलाही दोन शब्द ऐकवल्यावाचून आम्हांस राहवत नाही. दुकानातली तयार पिठाची पुडी फोडायची, पाणी घालायचे, भट्टीत ढकलायचे आणि त्याचे छायाचित्र जगाला दाखवायचे, यासाठी आम्ही वर एवढा वाद घातलेला नाही. त्या पुडीत आणि दुकानच्या केकमध्ये फरक एवढाच की शेवटची पाऊण तास वीज तुम्ही जाळलीत. प्रयोग करायचा तर पीठ आपले घ्या, गूळ आपला घ्या, नारळ आपला खवा. लोण्याऐवजी खोबरेल घालून पाहा. फसले तर का फसले ते वहीत लिहून ठेवा. आणि हे करण्यापूर्वी घरातल्या थोरल्या बाईला एक प्रश्न विचारा: तवसळी तुम्ही कशी भाजत होता?

त्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ घरांत आज तिच्यापाशीच आहे. तांदळाची भाजलेली कणी, किसलेले तवसे, त्याच्याच सुटलेल्या पाण्यात विरघळलेला गूळ, खवलेला नारळ, वेलची. तळाला हळदीचे पान. भांडे मंद विस्तवावर, वर घट्ट झाकण, आणि झाकणावर सोडणांचे निखारे. खालून आणि वरून सारखी धग. कोकणात यालाच धोंडस म्हणतात. किरिस्तांव शेजारीण नाताळासाठी बिबिंकाचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजते तीही याच रीतीने. आपण नागपंचमीस करतो त्या पातोळ्या ती पंधरा ऑगस्टच्या फेस्ताला करते, आणि आपल्या चवथीच्या नेवऱ्या तिच्या नाताळाच्या ताटात असतातच. भिंत होती ती देवांच्या मध्ये होती. विस्तवाच्या मध्ये कधीच नव्हती.

ज्या घरातून आम्ही आरंभ केला, त्या घरच्या थोरल्या बाईंच्या माळ्यावर असे एक पितळी भांडे आहे, त्याचे झाकण निखारे राहावेत म्हणून मुद्दाम खोलगट घडविलेले आहे, असे चौकशीअंती कळले. चुलीच्या जागी गॅस आला तेव्हापासून ते वापरात नाही, कारण गॅसवर निखारे कोठून आणायचे? म्हणजे तवसळी त्या घरात कित्येक वर्षे झालेलीच नाही. आता ती उकडतात. खालून आणि वरून धग देणारे जे यंत्र पाहिजे, ते त्याच घरात, त्याच माळ्याखाली, खोक्यात बंद आहे. एकशे ऐंशी अंशांवर पाऊण तास. हळदीचे पान तसेच तळाला. सुनेला कणी भाजण्याचा अंदाज नाही आणि सासूबाईंना यंत्राचे बटण ठाऊक नाही. चवथ जवळ आली आहे, तवशी बाजारात येऊ लागली आहेत, आणि खोके अजून फोडलेले नाही.