जन्मतारखेची रेघ

गेल्या सप्टेंबरात मी न्यू जर्सीला लेकीकडे होते. तिच्या घरी शनिवारची सकाळ म्हणजे फुटबॉलची सकाळ. पण त्या शनिवारी तेरा वर्षांचा नातू घरातच बसून होता. खेळाचे बूट दाराशी तसेच पडले होते. "आज मैदानावर नाही का जायचे?" असे विचारले, तर खाली मान घालून म्हणाला, "आजी, आमची टीमच राहिली नाही."

कारण विचारले, तेव्हा जे समजले ते मोठे चमत्कारिक होते. त्याचा संघ मोडला तो केवळ जन्मतारखेच्या हिशेबामुळे.

अमेरिकेत पूर्वी मुलांचे वयोगट 1 ऑगस्ट ते 31 जुलै असे, साधारणतः शाळेच्या वर्षाशी जुळणारे असत. 2015 मध्ये तेथील फुटबॉल महासंघाने ही रीत बदलली. आंतरराष्ट्रीय प्रथेप्रमाणे जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष धरायचे ठरले आणि 2017 पासून ते बंधनकारक झाले. माझ्या नातवाचा जन्म नोव्हेंबर 2011 चा. म्हणून त्याच वर्षी जन्मलेल्या सर्व मुलांबरोबर तो खेळू लागला. शाळेत मात्र तो त्यांतील बहुतेकांच्या एक इयत्ता मागे. मित्र नववीत, म्हणजे तिकडच्या हायस्कूलमध्ये गेले आणि शाळेच्या संघातून खेळू लागले. तेवढ्या हंगामापुरता क्लबचा संघ थांबला. आठवीत राहिलेल्या मुलाला शाळेचा संघ नाही, क्लबचाही नाही. अशा मुलांना तिकडे 'अडकलेले खेळाडू' असेच म्हणतात. या वयात सुटलेला खेळ पुष्कळदा कायमचा सुटतो, ही लेकीची खरी चिंता होती.

आता 2026-27 च्या हंगामापासून तेथील प्रमुख युवा संघटना पुन्हा 1 ऑगस्टच्या रेघेकडे वळत आहेत. नातवाला त्याच्या इयत्तेतले सोबती मिळणार, म्हणून घरात आनंद झाला. पण धाकटी नात गप्पच होती. तिचा जन्म जुलै 2015 चा. जुन्या नियमाने ती गटात मधली होती. नव्या नियमाने सर्वांत लहान ठरणार. शिवाय ऑगस्टनंतर जन्मलेल्या तिच्या मैत्रिणी खालच्या गटात जाणार. ती मला म्हणाली, "आजी, मी थोडी उशिरा जन्मले असते तर बरं झालं असतं ना गं?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. एकाच घरात एका नियमाने भावाला मोकळे केले आणि बहिणीला मागे लोटले.

दहा वर्षांच्या मुलांत अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा भाग. उंची, वेग, दम यांत ते उघड दिसते. प्रशिक्षक त्यालाच गुण समजतात, मोठ्या मुलाला अधिक संधी देतात, आणि अधिक संधीने तो खरोखरच पुढे जातो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सले यांनी 1985 मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंबाबत हेच दाखवून दिले. वर्षाच्या आरंभी जन्मलेले खेळाडू तेथे प्रमाणाबाहेर होते. बेल्जियमने 1997 मध्ये फुटबॉलची रेघ ऑगस्टवरून जानेवारीवर नेली, तेव्हा निवडल्या जाणाऱ्या मुलांचे जन्ममहिनेही तिच्यामागोमाग सरकले. मुलांची गुणवत्ता काही एका वर्षात बदलली नव्हती.

रेघ मात्र हवीच. ती नसेल तर सोळा वर्षांचा मुलगा दहा वर्षांच्या मुलाला मैदानात आडवा करील. कोठेही ओढली तरी कोणीतरी तिच्या काठावर उभे राहणारच. म्हणून रेघ कोठे असावी, यापेक्षा काठावरच्या मुलाशी आपण कसे वागतो, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

यावर उपाय शोधले गेले आहेत. नेदरलँड्समधील एका प्रयोगात खेळाडूंना वयाच्या क्रमाने अंगरख्यावरील क्रमांक दिले. कोण लहान, कोण मोठा हे पाहताक्षणी कळू लागले आणि निवड करणाऱ्यांचा मोठ्या मुलांकडील कल नाहीसा झाला. इंग्लंडमधील काही क्लब मुलांना अधूनमधून जन्मवर्षाऐवजी शारीरिक वाढीनुसार एकत्र खेळवतात. त्याच इंग्लंडचा हॅरी केन 28 जुलै 1993 चा. तेथे वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होते, म्हणजे तोही गटात अगदी धाकट्यांपैकी. लहानपणी आर्सेनल क्लबने त्याला सोडून दिले होते. आज इंग्लंडतर्फे सर्वाधिक गोल त्याच्या नावावर आहेत.

आपल्याकडेही शाळाप्रवेशाच्या तारखेमुळे अकरा महिन्यांच्या अंतराची मुले एकाच बाकावर बसतात. त्यांतील धाकट्याला 'हा जरा मंदच आहे' असे म्हणण्यापूर्वी एकदा त्याची जन्मतारीख पाहावी. वर्षभर थांबण्याचा धीर आपण मोठ्यांनी धरला, तर ते मूल खेळ सोडणार नाही, आणि शिकणेही सोडणार नाही.

परतल्यापासून दर रविवारी मी नातीला फोन करते. पूर्वी विचारत असे, "जिंकलात का?" आता विचारते, "आज किती वेळ खेळलीस?" त्या उत्तराचीच मला काळजी असते.