नक्कल, झेरॉक्स आणि मोबाईल

युवक महोत्सवासाठी बसवायच्या एकांकिकेची पहिली बैठक होती. अर्ध्या तासाचा प्रयोग, आठ पात्रे आणि चोवीस पानांची संहिता. मी नऊ प्रती झेरॉक्स करून आणतो असे म्हणताच एक विद्यार्थी सहज म्हणाला, "सर, छापायची कशाला? पीडीएफ ग्रुपवर टाका की." त्याच्या म्हणण्यात गैर काहीच नव्हते. दोनशे सोळा पानांचा खर्च वाचत होता. शिवाय जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी नाटकाचे पुस्तक हवे असेल तर लातूर किंवा नांदेड गाठावे लागते. तेथेही ते मिळेलच असे नाही. जे काम एसटीच्या दोन फेऱ्यांनी होत नसे, ते दोन मिनिटांत झाले. मी संहिता ग्रुपवर टाकली.

आठ दिवसांनी तालमीत जे दिसले, त्यावरून हा लेख सुचला. मुलांचे पाठांतर उत्तम होते. मात्र समोरचे पात्र बोलू लागले की प्रत्येकाचा चेहरा कोरा होई. आपले वाक्य कधी येते, एवढीच वाट पाहणे चालले होते. चौकशी करता कळले, की बहुतेकांनी स्वतःचे संवाद असलेल्या पानांचे स्क्रीनशॉट काढून घेतले होते आणि उरलेली संहिता कोणी उघडलीच नव्हती. नायकाच्या बापाची भूमिका करणाऱ्या मुलाला शेवटच्या प्रवेशात आपला मुलगा घर सोडून जातो हे ठाऊक नव्हते. त्या प्रवेशात त्याला वाक्य नव्हते ना!

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला येथे एक जुना शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही : नक्कल. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा नटांच्या हाती लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधाराने पदे म्हणायची आणि पात्रांनी त्या अनुरोधाने आयत्या वेळी बोलायचे, अशी ती रीत. पुढे लिखित संहितेची नाटके आली; त्या काळी त्यांना 'बुकिश' म्हणत. संहिता आली तरी ती प्रत्येक नटाच्या हाती पडत नसे. त्याच्या वाट्याला येई ती नक्कल, म्हणजे त्याच्या भूमिकेपुरते हाताने उतरवून दिलेले संवाद. सगळ्यांसाठी सगळे नाटक उतरवून काढणे कोणाला परवडणार? यावरून लक्षात येते, की संपूर्ण संहिता प्रत्येक नटाच्या हाती असणे ही रंगभूमीची पुरातन परंपरा मुळीच नव्हे. आमच्यासारख्या हौशी मंडळींना ती चैन झेरॉक्स यंत्राने मिळवून दिली. मोबाईल तर संपूर्ण संहिता फुकटात देतो, आणि तरीही त्यावर वाचणारा आपणहून नक्कलेकडे परततो. मला या प्रश्नातला खरा विरोधाभास हा वाटतो. जुन्या नटाला नाइलाजाने जे तुटक वाचावे लागे, ते आमचा विद्यार्थी सोय म्हणून वाचतो.

कागद म्हणजे संस्कृती आणि पडदा म्हणजे ऱ्हास, अशी भाबडी मांडणी मला करायची नाही. वाचनाची गुंडाळत जाणारी रीत आपल्याला नवीन नाही. आमच्या शेजारी अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली. संशोधनही सरसकट कौल देत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, चोपन्न अभ्यासांचा एकत्र विचार करणाऱ्या एका विश्लेषणात माहितीपर मजकुराचे आकलन कागदावर अधिक चांगले होते असे दिसले. निव्वळ कथनपर मजकुराच्या बाबतीत मात्र तसा फरक आढळला नाही. कादंबरी मोबाईलवर वाचणाऱ्या विद्यार्थ्याला मी आता टोकत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने कितीतरी ग्रंथ संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. ते छापून घ्या असे सांगणे म्हणजे वेडेपणा होईल.

परंतु नाटकाची संहिता काही एकट्याने वाचून मिटवायची वस्तू नाही. तिच्यावर काम करायचे असते, आणि तेही चारचौघांत. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून, नियमांची पुस्तके जवळ ठेवून खेळाडू आपापले पात्र तोंडी रंगवतात. (भाव्यांच्या नटांना तो फार परका वाटला नसता.) ती पुस्तके पडद्यावर वाचावीत की छापून घ्यावीत, हा वाद त्या खेळाडूंमध्येही आहे. कारण उघड आहे. खेळ रंगात असताना पान चटकन उलटता आले पाहिजे आणि शेजाऱ्याला बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

तालमीतही नेमके हेच लागते. "पान चौदा काढा" म्हटले की नऊ जणांनी एकाच जागी पोचावे लागते. स्कॅन केलेले जुने पुस्तक असेल तर दोन पाने एकाच चित्रात येतात, अक्षर मोठे करावे लागते आणि मोठे केले की कंसातली रंगसूचना पडद्याबाहेर जाते. 'थांबून', 'खिडकीकडे पाहत', असल्या सूचना आमच्या मुलांनी पाळल्या नाहीत, कारण त्या त्यांना दिसल्याच नव्हत्या. शिवाय पेन्सिल. कोठे श्वास घ्यायचा, कोणत्या शब्दावर उठायचे, कोणते वाक्य गाळले, हे समासात लिहिले जाते. फोनवर खुणा करता येतात हे मला माहीत आहे. करताना मात्र मी कोणाला पाहिले नाही. आणि तालमीच्या मध्येच ज्यावर घरचा फोन येतो, ती वस्तू संहिता म्हणून हाती धरणे मला अजून जमलेले नाही.

एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटके हक्कमुक्त आहेत. ती खुशाल उतरवून घ्यावीत. हयात नाटककाराच्या संहितेचे तसे नाही. अभ्यासासाठी केलेल्या झेरॉक्स संचांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली मान्यता दिली, तो निकाल वर्गातल्या अध्यापनापुरता आहे. त्याच्या आडोशाने एकांकिकेची पीडीएफ गावोगाव फिरवणे बरोबर नाही. कागदी प्रती निदान नऊच असतात, लेखकाला पत्र लिहून त्या मोजून सांगता येतात. ग्रुपवर टाकलेली संहिता कोठवर गेली हे मला आजही सांगता येणार नाही, आणि ती मीच टाकली होती.

दुसऱ्या आठवड्यात मी प्रती काढून आणल्या, पाठपोट, कोपऱ्यात टाचलेल्या. दोन दिवस तालीम बंद ठेवून गोल बसून नुसते वाचन केले, तेही भूमिका बदलून. बापाची भूमिका करणाऱ्या मुलाने शेवटचा प्रवेश मुलाच्या तोंडून वाचला. एका मुलीने मात्र कागद घेतला नाही. ती तांड्यावरून रोज येते. तिने सगळ्यांचे संवाद स्वतःच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवले होते आणि एसटीत बसून ती संपूर्ण एकांकिका ऐकत असे. तालमीत कोणी अडखळले, की पुढचे वाक्य तीच सांगे. तिची प्रत आम्ही प्रॉम्प्टरला दिली.