पाटी मराठी, पण अक्षर कोणाचं?

मागच्या दिवाळीत दुकानाची पाटी बदलली. नावात श अन् ल दोन्ही येतात. फ्लेक्सवाल्यानं तासाभरात छापून दिली, मी लावली अन् विसरलो.

मग पोरीसाठी बोरू अन् शाईची दौत आणली. ती चार दिवसांत कंटाळली. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मीच बसलो. वय ५२!

बोरूचं टोक तिरपं कापलेलं असते. पहिले पंधरा दिवस नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. टोक ४५ अंशात धरलं तर दांडी अन् शिरोरेषा सारख्या जाडीच्या उतरतात. मनगट थोडं वळलं की एक लठ्ठ, दुसरी रोड. घाई केली की लगेच कागदावर दिसते.

रेघांनंतर अक्षरं आली अन् ल पाशी अडलो. हाताला शाळेतला ल येत होता, दोन पाकळ्यांचा. पाटीवर मात्र दांडीचा. श चंही तेच, माझा देठाचा, पाटीवरचा गाठीचा. म्हणजे दोन्ही हिंदी वळणाचे. रोज शटर उघडतो, पण बोरू धरेपर्यंत हे दिसलंच नव्हतं.

फ्लेक्सवाल्याले विचारलं. तो म्हणे, "भाऊ, काम्पुटरात असाच येते."

खरं तर दोष कॉम्प्युटरचा नाही. युनिकोडमध्ये ल ला एकच सांकेतांक आहे, त्याचा आकार फॉन्ट ठरवतो. ही पोस्ट वाचतानाच पाहा, तुमच्या मोबाइलवर ल कोणता दिसून राहिला?

हिंदीशी भांडण नाही. दांडीचा ल हिंदीत शोभतोच. पण महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल अन् देठाचा श ठरवून दिला आहे. २०२२ मध्ये कायदा बदलून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, हेही त्यात आलं. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. २०२५ मध्ये सुलेखनकार अच्युत पालवांना पद्मश्री मिळाली. आपण सगळ्याले टाळ्या वाजवल्या. अन् अकोटच्या बाजारात मान वर करून पाहा, पाटी मराठी, अक्षर उसनं.

काही वर्षांपूर्वी असं नव्हतं. सरकीच्या, बियाण्याच्या जाहिराती भिंतीवर पेंटर लिहायचे. अक्षर पाहून कोणत्या पेंटरचं काम ते ओळखू यायचं. त्यातले एक काका आता घरं रंगवतात. रविवारी त्यांच्याकडं माझी वही घेऊन जातो. परवा माझा ल पाहून म्हणाले, "पाकळ्या सारख्या आल्या पाह्यजेत. अक्षराले घाई चालत नाही."

सगळ्यांनी बोरू धरावा असं माझं म्हणणं नाही. तीनच गोष्टी सांगतो.

एक, फ्लेक्स करताना श अन् ल मराठी वळणाचे मागा. तसे फॉन्ट मोफत मिळतात, जादा पैसा लागत नाही.

दोन, नगर परिषदेनं स्वतःच्या फलकांपासून सुरुवात करावी. शाळेच्या, बगीचाच्या पाट्या गावातल्या पेंटरकडून लिहून घ्याव्या. त्यांच्या हाताले काम मिळेल.

तीन, शाळेत चित्रकलेच्या तासाला महिनाभर बोरू द्या. एलिमेंटरी परीक्षेत अक्षरलेखन आहेच, पण ते पट्टी-पेन्सिलीनं आखलेलं. हातातून उतरलेलं अक्षर पोराच्या डोळ्यात बसते. ज्यानं ल एकदा हातानं घडवला, त्याले पाटीवरचा चुकीचा ल खटकेलच.

सुरुवात माझ्यापासून. फ्लेक्स उतरवतो आहे. नवी पाटी काका लिहिणार, पत्र्यावर, ऑइलपेंटनं. पुढच्या आठवड्यात फोटो टाकतो.

तुमच्या दुकानाचा ल कोणता? एकदा बाहेर येऊन पाहा अन् खाली सांगा.