ध्वजदिनाची पेटी आणि आपण

सीमाभागातल्या मराठी माणसाला तारखा शिकवाव्या लागत नाहीत. १७ जानेवारी म्हटले की १९५६ सालचा गोळीबार आणि हुतात्मा चौक आठवतो. १ जून म्हटले की १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन आणि हिंडलग्याचे स्मारक आठवते. १ नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधायला कुणी सांगावे लागत नाही. पण बंधू-भगिनींनो, ७ डिसेंबर म्हटले की काय आठवते? दहाजणांना विचारून पाहा. नऊजण गप्प राहतील आणि दहावा म्हणेल, "शाळेत ते कागदी झेंडे विकायचे, तो दिवस ना?"

होय, तोच. सशस्त्र सेना ध्वजदिन. या दिवशी सुट्टी नसते, मिरवणूक नसते, म्हणून तो लक्षातही राहत नाही. ज्या गावात एक शतकाहून अधिक काळ मराठा पलटणीचे केंद्र आहे, त्या गावाने हा दिवस विसरावा ही गोष्ट काही भूषणाची नाही. त्याबद्दलच आज चार शब्द लिहायचे आहेत.

प्रथम या दिवसाचा उगम. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी ११ नोव्हेंबरला लाल पॉपीची कागदी फुले विकून जखमी व निवृत्त सैनिकांसाठी निधी गोळा करण्याची प्रथा पाडली. आपल्याकडेही स्वातंत्र्यापूर्वी त्या दिवशी पॉपी विकली जाई. त्या महायुद्धात अखंड हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात पोहोचली होती. युद्ध संपताच त्यांतले बहुसंख्य घरी परतले. पुष्कळांच्या हाती ना पेन्शन होते, ना कसायला पुरेशी जमीन. पाठोपाठ फाळणी झाली, काश्मीरचे युद्ध झाले आणि १ जानेवारी १९४९ ला युद्धबंदी झाली. नव्या देशापुढे जखमी जवानांचा, विधवांचा आणि पोरक्या मुलांचा प्रश्न उभा होता. तो साम्राज्याच्या पॉपीवर सोडून चालणार नव्हते.

संरक्षणमंत्री सरदार बलदेवसिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २८ ऑगस्ट १९४९ रोजी ठरवले, की दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळायचा, लोकांना छोटे झेंडे द्यायचे आणि त्या बदल्यात ज्याला जमेल ती देणगी घ्यायची. हेतू तीन होते : युद्धात जायबंदी झालेल्यांचे पुनर्वसन, सेवेतील जवान व त्यांच्या कुटुंबांचे कल्याण, आणि माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांचे कल्याण. आजही हेच तीन हेतू आहेत. पुढे १९९३ मध्ये संरक्षण खात्याने या कामासाठी असलेले निरनिराळे निधी एकत्र करून एकच सशस्त्र सेना ध्वजदिन निधी केला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा झेंडा म्हणजे तिरंगा नव्हे. तिरंगा घटना समितीने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. त्याचे नियम वेगळे आणि त्याचा मानही वेगळा. ध्वजदिनाच्या चिमुकल्या झेंड्यावर लाल, गडद निळा आणि आकाशी असे तीन रंग असतात. लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि आकाशी वायुदलाचा. तिरंग्यापुढे आपण ताठ उभे राहतो. हा छोटा झेंडा खिशाला लावायचा, तो एका देण्याची आठवण म्हणून.

त्या देण्यात आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. मराठा पलटणीची परंपरा १७६८ पासूनची, आणि तिचे केंद्र १९२२ पासून बेळगावात. १९१६ साली कुतच्या वेढ्यात उपाशी राहिलेल्या पलटणींत मराठा पलटणी होत्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणांगणावर याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे तिथेच कामी आले. महार रेजिमेंटची पहिली बटालियनही १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावातच उभी राहिली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करायला निघालेल्या सैन्याची जमवाजमव इथेच झाली होती. पहाटे कॅम्पातून ऐकू येणारा बिगूल ज्यांच्या कानांना सवयीचा आहे, त्यांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही.

मग आपण विसरलो कसे? एक कारण उघड आहे. ध्वजदिन सरकारी झाला. जिल्ह्याला उद्दिष्ट मिळते, उद्दिष्ट खात्यांना वाटले जाते, खाती ते कर्मचाऱ्यांकडून वसूल करतात. शाळेत मुलांच्या हाती झेंडे दिले जातात, मुले घरून पैसे आणतात, पण झेंडा कशाचा हे कुणी सांगत नाही. रक्कम जमा होते, आकडा वर जातो आणि ८ डिसेंबरला सगळे विसरले जाते.

दुसरे कारण आपल्यातच आहे, आणि ते स्पष्ट बोललेले बरे. आपल्या बैठकांत हल्ली एक सूर ऐकू येतो. "जे सरकार आम्हाला मराठीत साधा दाखला देत नाही, त्याच्या पेटीत आम्ही पैसे कशाला टाकायचे?" राग खरा आहे. दर पावतीवर आणि दर उताऱ्यावर ज्याला आपली भाषा सापडत नाही, त्याला राग येणारच. पण तो राग या पेटीवर काढणे चूक आहे. ती पेटी कोणत्याही एका राज्याची किंवा कोणत्याही एका भाषेची नाही. मराठा पलटणीत कर्नाटकातली मुलेही भरती होतात. खंदकात शेजारी कोण उभा आहे, तो घरी कोणती भाषा बोलतो, हे तिथे कुणी विचारत नाही. पलीकडच्या गल्लीतल्या कानडी हवालदाराच्या विधवेचा त्या पैशावर जितका हक्क आहे, तितकाच आपल्या गल्लीतल्या मराठी विधवेचा आहे. आपले भांडण कचेरीच्या भाषेशी आहे, जवानाशी नाही. हा भेद आपणच विसरलो, तर पुढच्या पिढीला काय सांगणार?

आता घरचीच गोष्ट सांगतो. माझे चुलते पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पश्चात काकूंचे कुटुंब पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने लागले. कारण काय, तर नाव. चुलत्यांनी लग्नानंतर पलटणीत जी नोंद केली, ती काकूंच्या माहेरच्या नावाची. सासरी आल्यावर आपल्या रिवाजाप्रमाणे नाव बदलले. रेशनकार्डावर सासरचे नाव आले, आधारवर तेच नाव निराळ्या स्पेलिंगने आले. तीन कागद आणि तीन बायका! एका कार्यालयात त्यांच्या हाती कानडी अर्ज दिला आणि भरून आणा म्हणून सांगितले. काकू मराठी चौथी शिकलेल्या. अर्ज तसाच घरी आला आणि दोन महिने देव्हाऱ्याखाली पडून राहिला. कुणाला सांगायला त्यांना लाज वाटत होती. अखेर मला कळले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "दरवर्षी त्या पेटीत मी पैसे घातलेत रे. ते नेमके कुठं जातात?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते शोधावे लागले. वाचकांनाही ते उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देतो.

ध्वजदिन निधीतून केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत अनेक प्रकारची मदत मिळते. ज्यांना पेन्शन नाही असे ६५ वर्षांवरील, हवालदार हुद्द्यापर्यंतचे गरजू माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा, यांना दरमहा अनुदान मिळते. ते ४ हजार रुपये होते, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८ हजार झाले. दोन मुलांपर्यंत पहिलीपासून पदवीपर्यंतच्या शिक्षणासाठी प्रत्येकी दरमहा १ हजाराचे २ हजार झाले. मुलीच्या लग्नासाठी ५० हजारांचे १ लाख झाले. प्रत्येक मदतीच्या अटी निराळ्या असतात आणि अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. म्हणजे पैसा आहे, योजना आहे. नाही तो आपल्या माणसाला तिथवर नेणारा हात.

काकूंचे काम कुटुंब पेन्शनचे, म्हणजे या निधीबाहेरचे. पण अडचण तीच : नाव, कागद आणि भाषा. पंधरा वर्षे पुरी न करता घरी आलेला शिपाई, ज्याला पेन्शन लागत नाही, त्याच्या विधवेची अवस्था तर याहून बिकट. तिला आपण पात्र आहोत हेच ठाऊक नसते.

भाषेबाबत एक गोष्ट प्रत्येक मराठी घराने लिहून ठेवावी. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. उत्तर मराठीतच मिळेल अशी हमी त्यात नाही, हे खरे. पण 'मराठीत आहे म्हणून गाऱ्हाणे घेणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. ३५० ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमलेला आहे, त्याच्याकडे दाद मागता येते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो जेव्हा लागेल तेव्हा लागेल. काकूंना मात्र तोवर थांबता येणार नाही.

म्हणून आपल्या मंडळापुढे तीन साध्या सूचना ठेवतो.

पहिली, प्रत्येक गल्लीतील आणि गावातील माजी सैनिक, वीरपत्नी व सैनिकांच्या विधवा यांची यादी करावी. मराठी-कानडी असा भेद न करता करावी. नाव, पलटण, नोकरीची वर्षे, पेन्शन आहे की नाही, एवढे चार रकाने पुरेत.

दुसरी, ७ डिसेंबरच्या आसपासच्या रविवारी मंडळाच्या सभागृहात अर्ज भरून देण्याचे टेबल लावावे. आपल्यात निवृत्त कारकून आहेत, शिक्षक आहेत, संगणक जाणणारी मुले आहेत. सेवापुस्तकातले नाव आणि आधारवरचे नाव जुळते का, एवढे जरी नवरा हयात असताना तपासले, तरी पुढचे चौदा महिने वाचतील. नोव्हेंबरात द्यावयाचा हयातीचा दाखला राहून गेला असेल, तर तोही तिथेच ध्यानात येईल.

तिसरी, शाळेत झेंडा वाटताना एखाद्या माजी सैनिकाला बोलवावे. भाषण नको. आपण कुठे होतो आणि परत आल्यावर काय झाले, एवढे त्यांनी दहा मिनिटे सांगावे. ते ऐकलेले मूल झेंडा वाटेत टाकणार नाही.

काहीजण म्हणतील, हे सरकारचे काम आहे. आहेच, आणि सरकारला त्याचा जाब विचारायलाच हवा. पण जाब विचारणाऱ्याच्या हातात यादी असावी लागते. 'मराठी माणसावर अन्याय होतो' या वाक्याला कचेरीत किंमत नसते. 'या अकरा विधवांचे अर्ज अमुक तारखेपासून पडून आहेत' या वाक्याला असते.

काकूंचे पेन्शन आता सुरू आहे. मागच्या ७ डिसेंबरला गल्लीत पेटी आली तेव्हा त्यांनी कनवटीची नोट काढून पेटीत टाकली आणि झेंडा चुलत्यांच्या फोटोला लावला. मग पेटी घेऊन आलेल्या पोराला विचारले, "शेजारच्या गंगव्वाचं काम झालं का रे? तिचा नवरा पण लष्करातच होता की." पोराला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. दुसऱ्या दिवशी मी गंगव्वांच्या घरी गेलो. त्यांचाही अर्ज अडकलेला होता.

यंदाच्या ७ डिसेंबरला पेटीत पैसे जरूर टाका. आणि त्याच दिवशी आपल्या गल्लीतल्या अशा एका घराचे दार ठोठावा.